येसूबाईची गवताळ वाडी

उलव्याच्या खाडीकाठी येसूबाईची पावणेदोन एकरांची वाडी होती. तीस चिकू, सात आंबे, दोन जांभळं आणि झाडांखाली गुडघाभर गवत. टाकळा, लव्हाळा, कुर्डू, जे उगवेल ते. गावाला हसायला कारण लागत नाही, इथं तर आयतंच मिळालं होतं. तिला सगळे ‘गवतवाली’ म्हणायचे. चिकू तिच्याच वाडीतले खायचे, पण गवतवालीच म्हणायचे. एकदा कोणी तरी बांधावरून विचारलं, “येसूबाय, वाडी हाय का गुरांचं रान?” ती म्हणाली, “तुझं डोकं तर चकचकीत साफ हाय, तिथं काय उगवलं रं?” त्यानंतर तोंडावर बोलायची टाप कुणाची नव्हती. पाठीमागे बोलायचं काय थांबतंय!

ही वाडी कुणी तिला ताटात वाढून दिली नव्हती. ती लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या वर्षी खाडीचा बांध फुटला, भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि जमीन गेली ती गेलीच. सासऱ्यांनी त्या जमिनीचा नाद सोडला. नवरा गोवर्धन मिठागरात कामाला, येसूबाई डोक्यावर पाट्या वाहायला. मिठागरात एक गोष्ट ती रोज बघायची. मीठ पिकवायचं तर आधी जमीन चोपून, झाडून, लख्ख उघडी करतात. एक काडी राहू देत नाहीत. मग ऊन आपलं काम करतं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईनं मनाशी उलटं गणित मांडलं: उघड्या जमिनीवर मीठ फुलतं, तर मीठ दाबायला जमीन झाकली पाहिजे.

मग त्या खारावलेल्या शेतात तिनं चिकू-आंब्याची रोपं लावली आणि पुन्हा तिथं कुदळ लावली नाही. गवत वाढू द्यायचं, फुलावर यायच्या आत विळ्यानं कापायचं, मुळं जमिनीतच ठेवायची आणि कापलेलं झाडाच्या बुडाशी अंथरायचं. सोडे सोलणाऱ्या बायकांकडून कोलंबीची टरफलं आणायची, वर शेण, वर पेंढा. औषधाची बाटली तिनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. बारा वर्षं अशी घासल्यावर चिकू धरला. तो बघायला गोवर्धन राहिला नाही. तीस वर्षांनी माती अशी झाली होती की मूठभर उचलली तर दोन-चार गांडुळं हातात यायची.

शहाण्णव साल उजाडेपर्यंत आजूबाजूच्या जमिनींवर मुरूम पडला होता. बंदरामुळे कंटेनर ठेवायला जागा हव्या होत्या, आणि माणसं जागा द्यायला रांगेत उभी होती. मुलगा कल्पेश बेलापूरला एका ऑफिसात क्लार्क. तोही मागे लागला. “आये, समदी देतात, आपनच काय टेन्शन घ्यायचं? चिकूवर कुनाचं घर चालतं?”

येसूबाई नाही म्हणायची, तो गप्प व्हायचा, महिन्यानं पुन्हा सुरू. शेवटी एक वाट निघाली. जुईनगरला करिमुन्निसा मॅडम राहायच्या. उरणकडच्याच, शेतकी कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी सोसायट्यांमधली चाळीस घरं जमवली होती, ज्यांना बिनऔषधाची फळं हवी होती. वाशीच्या बाजारात येसूबाईचे चिकू खाऊन त्यांनी चौकशी केली आणि फाल्गुनातल्या एका रविवारी वाडी बघायला येतो म्हणून निरोप धाडला. कल्पेशनं शब्द दिला, “त्यांनी फळं घ्यायला आपली वाडी धरली तर मी कंटेनरचं नाव काढनार नाय.” पोरगा घाईचा होता, पण शब्दाचा खोटा नव्हता. म्हणजे वाडी राहणार की मुरुमाखाली जाणार, ते त्या रविवारी ठरणार होतं.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की बाईला आधी झाडू दिसतो. घरात खायला नसलं तरी चालेल, अंगण सारवलेलं पाहिजे. शेजारची राहीबाई येऊन म्हणाली, “शेरातल्या बायका येनार. या रानात साड्या अडकतील, सापाला भितील. काय म्हनतील तुला?” तीस वर्षं गावाला धूप न घालणारी येसूबाई या एका वाक्यानं हलली. तिला चार दिवसांसाठी भाचीच्या हळदीला माहेरी जायचं होतं. जाताना ती कल्पेशला म्हणाली, “वाटेकडचं जरा साफ करून घे. पाव्हनी येतान.”

शनिवारी दुपारी ती परत आली आणि वाडीच्या तोंडाशीच थबकली. वाटेकडचंच नाही, या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळं उघडं होतं. गवत गोळा करून जाळलेलं, जमीन झाडलेली. तिला मिठागर आठवलं. पण खरं सांगायचं तर, क्षणभरच. मग राहीबाई आली, आणखी दोघी आल्या, “आता वाडी वाडीसारखी दिसते” म्हणाल्या, आणि येसूबाईला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा गावानं तिच्या वाडीला नावं ठेवली नव्हती. कल्पेशनं कुदळीनं खणून घेतलं असेल, असं ती धरून चालली. पाहुणे गेले की पेंढा टाकू, एका दिवसानं काय होतंय. एवढं म्हणून तिनं अंगण सारवायला घेतलं.

रविवारी मॅडम दोन बायकांना घेऊन आल्या. येसूबाईनं चिकूच्या फोडी ताटात काढून दिल्या. त्या दोघी खात होत्या. मॅडम मात्र खाली बसून जमीन उकरत होत्या. करपलेली बुडखी त्यांनी एकेक करून बघितली.

“येसूबाई, इथं तणनाशक मारलंय का?”

“मॅडम, तीस वर्सांत औषधाचा थेंब नाय पडला हितं. माझ्या पोराची आन घेऊन सांगते.”

आणि ज्या पोराची आण घेतली, तो मागे उभा होता. त्याला वाटलं आपलं काम कौतुकाचं आहे. तो हसत म्हणाला, “मीच मारलं मॅडम, पंप भाड्यानं आणून. मला सुटी एकच दिवस. दोन दिवसांत समदं साफ.”

त्या दोघींनी हातातल्या फोडी हळूच ताटात परत ठेवल्या. मॅडम उठल्या, पदर झटकला. “तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. पण मी चाळीस घरांना काय सांगू? निदान तीन वर्षं जाऊ द्या, मग बघू.” बाई वाईट नव्हती. वाईट असती तर येसूबाईला दोन शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मग तिनं दारोदार हिंडून पेंढा मागितला, पण पावणेदोन एकर झाकायला तो पुरतो कुठला? चैत्रात जमिनीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ फुललं. वैशाखात चिकूच्या पानांच्या कडा जळल्या, फळं सुपारीएवढी असताना गळाली. झाडांच्या बुडाशी मोरस उगवली. मोरस ही खाऱ्या जमिनीची भाजी. ती आली की तिथं दुसरं काही येत नाही, हे खाडीकाठच्या पोरालाही कळतं.

कल्पेशलाही कळलं. एका संध्याकाळी तो आईजवळ ओट्यावर येऊन बसला. कंटेनरवाल्याचा कागद त्याच्या खिशातून डोकावत होता, पण बाहेर काढायची हिंमत होत नव्हती.

“आये, माझं चुकलं. मना वाटलं तुला मदत होईल.”

येसूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुझं नाय चुकलं. तुला कोनी सांगितलं साफ कर म्हनून? मीच ना? तीस वर्सां गाव हसला, तवा मना लाज नाय वाटली. एक दिस वाटली, तेवढी पुरली.”

मग तिनं कागद मागितला आणि अंगठा उठवून दिला.