अंजनाकाकीकडची खिडकी

मागच्या वर्षी गावची मंडई आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी केशोरीहून पुण्याला निघालो. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि ते संपलं की माझ्यासारखे बाहेरगावचे लोक पांगतात. दारात जीप उभी होती. मोठा भाऊ माझी बॅग टपावर बांधत होता. गुडघ्यांमुळे मायला ओसरीच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून ती रस्त्याकडच्या खिडकीशी बसली होती. जीप वळली तेव्हा मी मान बाहेर काढून हात हलवला. खिडकीत करडी जाळी दिसली. नवी, ताणून बसवलेली, कुठे सुरकुती नाही. आत माय होती. तिनेही हात हलवला असणार. दिवसा बाहेरून पाहिलं की जाळीमागचं माणूस दिसत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, माझा धंदाच तो आहे. पण खरं सांगतो, मायचं तोंड दिसलं नाही याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. जाळी किती छान बसली, एवढंच मी पाहत होतो.

पुण्यात येऊन मला वीसेक वर्षं झाली. आयटीआय करून फिटर म्हणून कारखान्यात लागलो, तेव्हा ‘काऊन’ म्हटलं की शॉपवरची पोरं हसायची. महिनाभरात मी ‘का’ म्हणायला शिकलो. राहायला भाड्याच्या खोल्या होत्या. खोली बदलली की खिडकी बदलायची, आणि प्रत्येक खिडकीतून डास यायचे. भिंतीत खिळा मारायला कुठल्याच घरमालकाची परवानगी नव्हती. शेवटी कारखान्यातल्या भंगारातून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या मागून आणल्या आणि दोन चौकटी केल्या, एक दुसरीच्या खाचेत सरकणारी. खिडकी रुंद असेल तर ओढायच्या, अरुंद असेल तर आत ढकलायच्या, आणि फिरवायचा नट आवळून टाकायचा. खिळा नको, कारागीर नको. ती जाळी मी कितीतरी खोल्यांमधून काखेत मारून नेली. तुमच्यापैकी जे गाव सोडून असे खोल्या बदलत राहिले, त्यांना कळेल की प्रत्येक ठिकाणी बसणारी एक तरी वस्तू आपल्याजवळ असणं म्हणजे काय.

पुढे नोकरी सोडून त्याचंच वर्कशॉप काढलं. आज आमच्या जाळ्या सोसायट्यांमध्ये जातात. बिल्डर एकच असला तरी दोन फ्लॅटच्या खिडक्या सारख्या नसतात, आणि त्यावरच माझं पोट चालतं. या चौकटीत एक खोट आहे, तीही सांगतो. दोन्ही भाग एकमेकांवर येतात तिथे जाळी दुहेरी होते आणि उजेड कमी होतो. खिडकी जितकी अरुंद, तितकी जास्त जाळी दुहेरी. अगदी अरुंद खिडकीला तर जवळपास सगळीच. गिऱ्हाईक तक्रार करतं. मी म्हणतो, अरुंद खिडकीसाठी एकेरी चौकट वेगळी बनवून देतो.

आमच्या घरच्या खिडक्याही एकसारख्या नाहीत. बाबांनी घर बांधलं तेव्हा एक जुनं गोदाम पाडत होते, तिथल्या चौकटी त्यांनी बैलगाडीत घालून आणल्या. एक हातभर, एक दोन हात, एक वर रुंद आणि खाली निमुळती. बाबा गेले, चौकटी सागाच्या म्हणून अजून तशाच आहेत.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात मायला मलेरिया झाला. भाऊ तिला घेऊन गोंदियाला दवाखान्यात राहिला, वहिनीने शेतातली भाताची रोवणी सांभाळली. मी पुण्यातून व्हिडिओ कॉल करत होतो. सलाईन लावलेला मायचा हात मी फोनवर पाहिला, आणि त्याच दिवशी एका सोसायटीच्या सगळ्या मजल्यांवर माझी माणसं डासांच्या जाळ्या बसवत होती. हे सांगायची लाज वाटते. इतकी वर्षं जाळ्या विकल्या, पण मायच्या घराला एक लावावी असं मला सुचलं नव्हतं.

म्हणून दिवाळीला निघताना मी सगळ्या खिडक्यांसाठी चौकटी घेऊन गेलो. मापं मागवली नाहीत. आपली चौकट कुठेही बसते, हे मला गावात दाखवायचं होतं. आणि बसल्याही. निमुळत्या खिडकीच्या फटीत मी लाकडाची पाचर घातली, रंग लावला. शेवटी राहिली स्वयंपाकघराची खिडकी.

ती घरातली सगळ्यात अरुंद खिडकी. बाहेर बोळ, दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढा, आणि समोर अंजनाकाकीची खिडकी. काकी आमच्या नात्यातली नाही, शेजारीण. माझ्या जन्माच्याही आधीपासून या दोघी त्या दोन खिडक्यांतून बोलत आल्या आहेत. विरजण, मिठाचा खडा, लाखोळीची भाजी, पोरांच्या तक्रारी, सगळं तिथूनच इकडून तिकडे जायचं. भाऊ आणि वहिनी दिवसभर शेतावर असतात. मायला बाहेर पडता येत नाही. तिचा दिवस त्या खिडकीत जायचा, हे मला माहीत होतं.

माहीत असूनही मी तिथे तीच सरकती चौकट लावली. जवळपास पूर्ण दुहेरी जाळी. एकेरी बनवून आणायला हवी होती, पण एकच माल सगळीकडे बसतो याचा माझा हट्ट होता. त्याहून वाईट म्हणजे नट मी बाहेरच्या बाजूला ठेवला आणि पान्याने आवळला. आत ठेवला असता तर माय दिवसभर जाळी सरकवून बसली असती आणि संध्याकाळी मच्छर आत आले असते. मला तिला वाचवायचं होतं. तिला विचारायचं मात्र सुचलं नाही.

काकी समोरून पाहत होती. म्हणाली, “का बे, मायले कोंबडीसारखी डालून चालला का?”

“मच्छर चावते तिले, काकी.”

“मच्छराले जागा नाई, अन मले?”

माय आतून हसली. “जाऊ दे वं अंजना. लेकानं पुन्याहून आणली. आता मी सोसायटीतली बाई झाली.”

“बाप्पा! मंग आता भाजी लिफ्टनं धाडतो तुले.”

आम्ही सगळे हसलो. मी भावाला बजावलं की पुढचा पावसाळा सरेपर्यंत एकही जाळी काढायची नाही. मग निघालो.

पुण्यात मायचे फोन यायचे. आधी ती बोलायला लागली की थांबायची नाही. कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, कोणाच्या लग्नात वरण पातळ झालं, सगळं सांगायची. मी कानाला फोन लावून ड्रॉइंगवर रेघा मारत राहायचो, हूं हूं म्हणायचो. हळूहळू ते बोलणं आटलं. “बरं आहे. जेवला का? ठेव.” मला वाटलं, वय झालं. भाऊ एकदा म्हणाला, “माय गप्प गप्प राहते आजकाल.” मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या. मलेरिया पुन्हा झाला नव्हता आणि मी त्यावरच खूश होतो. बायको म्हणाली, जाऊन तरी या. मी म्हटलं, सीझन संपू दे.

यंदा गेलो तेव्हा समोरची खिडकी बंद होती. आतून फळ्या लावलेल्या, अंगणाच्या फाटकाला कुलूप.

“काकी कुठे गेली?”

“पोरीकडे. फुलचूरले. दोन महिने झाले,” माय म्हणाली.

हे मायने मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, “तू कधी विचारलं?”

मग तिने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. जाळी लागल्यावर काकी काही दिवस बोळात उभी राहून बोलायची. पण हिला तिचं तोंड दिसेना, तिला हिचं. काकी म्हणायची, भुताशी बोलल्यावानी वाटते. वाटी द्यायची तर बोळातून रस्त्यावर, तिथून नाली ओलांडून ओसरीवर. तिचेही पाय दुखतात. ती दोन-चारदा आली, एकदा नालीजवळ घसरली, मग आली नाही.

“अगं, पण उघडायची ना जाळी!”

“नट बाहेर आहे.”

“भाऊले सांगायचं.”

“त्यानं उघडली असती, मंग तुले सांगितलं असतं, मंग तू रागावला असता. तू एवढी आणली पुन्याहून. मले वाटलं, लेकाचं मन राहू द्यावं.”

मी पाना घेऊन बोळात गेलो. नट गंजला होता, जोर लावावा लागला. चौकट निघाली तेव्हा त्या खिडकीतून मायचा चेहरा दिसला. वर्षभरात केवढी उतरली होती ती! माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून ती समोरच्या फळ्यांकडे पाहत होती. मी म्हटलं, संध्याकाळी धूर करा, मच्छरदाणी लावा, काही करा, पण ही उघडी राहू दे.

मी निघताना माय एवढंच म्हणाली, “गोंदियाले गाडी धरशील ना? फुलचूर जवळच आहे. तिले सांगजो, जाली काढली म्हणून.”

काकीच्या मुलीचं घर नवं आहे, वरच्या मजल्यावर. काकी पलंगावर बसून लसूण सोलत होती. मला पाहून म्हणाली, “या साहेब. इथंही लावता का जाली?” मी खाली बसलो. मायचा निरोप सांगितला. मग म्हणालो, काकी, माझं चुकलं.

तिने पाकळ्या सुपात टाकल्या. “हे पाह्य, तुया जालीपायी मी गाव नाई सोडलं. पोरगी किती दिवसाची बोलावून राहिली होती. पाय माहे गेले.” मग लसणाचा दुसरा गड्डा उचलून म्हणाली, “पन तुया मायसंग बोलनं चालू राहिलं असतं, तं आणखी एखादा पावसाळा काढला असता मी. खोटं कायले बोलू?”

“आता चल ना परत. मी घेऊन जातो.”

“आता घर आवरलं, भांडे वाटून देल्ले. असं उठून जाता येते का बे?”

मी गावी भावाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. मायने सवयीने फोन कानाला धरला. पडद्यावर नुसता तिचा कान आणि थोडे पांढरे केस.

“कान कायले दाखवून राहिली वं? तोंड दाखव!” काकी ओरडली.

तिकडे कोणीतरी फोन सरळ केला. काकीने पडदा डोळ्यांजवळ नेला. मग काकीने विचारलं, “वाळली काऊन एवढी?” आणि मायने विचारलं, “लाखोळी मिळते का तिथं?” मी उठून गॅलरीत गेलो. माझी गाडी निघायला वेळ होता, आणि त्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये कोणी माप घेऊन आलं की मी विचारतो, खिडकीसमोर काय आहे? लोक म्हणतात, पार्किंग. किंवा, दुसरी विंग. मग मी नेहमीसारखी जाळी देतो.

गाव सोडलेल्यांना एक भ्रम असतो. तुम्हालाही असेल, मला होता. वाटतं, मागे राहिलेली माय दिवसभर खिडकीत बसून आपलीच वाट पाहत असते. त्या विचाराने वाईट वाटतं आणि थोडं बरंही वाटतं. मी तर त्या बरं वाटण्यावर वीस वर्षं काढली. माझी माय माझी वाट पाहायची, पण वर्षातून एकदा, दिवाळी जवळ आली की. एरवी तिचं घर त्या बोळापलीकडे सुरू व्हायचं, आणि मी ते पान्याने बंद केलं.

आता ती स्वतःहून फोन करते. मी जेवलो का, हे नंतर विचारते. आधी विचारते, “अंजनाचा नंबर लावून दे ना.” मी हातातलं काम ठेवतो, दोन्ही फोन जोडून देतो, आणि माझा आवाज बंद करून बसतो.