दगडांखाली राहिलेली अंबाडी

थोरल्या जाऊबाई गेल्या तेव्हा दोरांसाठी लावलेली आमची वर्षाची अंबाडी नाल्याच्या डोहात दगडांखाली भिजत होती. त्यांना जाऊन आता महिना उलटला. रडू येतं, पण त्याआधी राग येतो. जायचं तेही नेमकं अंबाडी पाण्यात असताना...

अंबाडी कुजवणं त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही. लवकर काढली तर साल आतल्या काडीला, धांड्याला, चिकटून राहते, उशीर झाला तर सालीचा वाख, ज्याचा दोर वळतात तो धागा, हातातच तुटतो. त्या रोज डोहात उतरून एक धांडा मोडून पाहत. "आज काढायची का?" विचारलं की म्हणत, "तुले काय घाई हाये वं? माहेरी जाऊन राह्यली का?" कशावरून ओळखता विचारलं तर, "हाताले समजते," एवढंच. मी सोलून, बडवून, धुऊन ठेवलेला वाख त्या उन्हात धरायच्या आणि पुन्हा पाण्यात टाकायच्या. बैलांसाठी दोर वळायचा की बाळाला झबलं शिवायचं, असं विचारावंसं वाटे. पण माझं तोंड कधी उघडलं नाही.

सुतकात घरातलं कुणी नाल्याकडे जाईना. विहिरीच्या मोटेचा जुना नाडा, बैल ओढतात तो दोर, गाठींवर तगलेला. नवा झाला नाही तर पाण्यावाचून मिरची वाळणार. मी भीतभीत सासूबाईंना म्हटलं, "अंबाडी सडंल."

"घरात सुतक, अन् तुले अंबाडी सुचून राह्यली?"

"थोरल्या बाईनं लेकरासारखी जपली तिले."

एवढं मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "जाय. पन रस्त्यानं कोनाले शिवू नको."

डोहात उतरून धांडा मोडला. साल सुटली, पण कुजली ती पुरेशी की जास्त, कळेना. खालच्या पेंढ्या सडल्याच होत्या, वरच्या ओढून काढल्या. कमरेएवढ्या घाण पाण्यात उभी राहून मी जाऊबाईंशी मोठमोठ्यानं भांडले. जिवंतपणी एकदाही भांडले नव्हते.

नाडा झाला. मोट चालू आहे, मिरची हिरवी आहे. "औंदाचा नाडा झकास झाला," असं आमचे मालक येईल त्याला सांगतात. नाडा खरबरीत आहे. धांड्याची कुसळं त्यात तशीच आहेत. बैलांना कळत नाही, मालकांनाही नाही. हा उकला आणि पुन्हा धुवा म्हणणारं घरात कुणी उरलं नाही, आणि माझ्याच्यानं म्हणवत नाही.