काविळीची खबर

रक्ताचा रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शुभांगीकडे. “हिपॅटायटिस ई,” ते म्हणाले. घाण पाण्यातून होणारी कावीळ. एरवी माणूस त्यातून उठतो. पोटुशी बाई मात्र पटकन ढासळते.

माझी मुलगी शुभांगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माझ्याकडे, बूढापारा मोहल्ल्यात आली होती. आधी नुसत्या उलट्या. दिवस गेल्यावर होतंच, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात दाखवलं. गोळ्या मिळाल्या. मग लघवी पिवळी, मग डोळे.

“तुमच्या भागातून बरेच पेशंट येऊन राहिले,” डॉक्टर बोलून गेले.

“मंग आम्हाले कोणी सांगितलं काहून नाही?”

त्यांनी शुभांगीला लगेच भरती करायला सांगितलं.

जावई आणि मी आयसीयूबाहेर बसून असायचो. शुभांगी आम्हाला ओळखेनाशी झाली. लिव्हर थांबलं की विष मेंदूत चढतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आधी पोटातलं बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी ती. सिस्टरने तिची वेणी घातली आणि मगच तिला आमच्या हाती दिलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

काही महिन्यांनी सरकारी पथकातली एक डॉक्टरीण घरी आली, आमच्यासारखीच मूळची नागपूरकडची.

“मावशी, देशभर रोगांवर पाळत ठेवायची व्यवस्था आहे. सर्व्हेलन्स म्हणतात. ती वेळेवर जागी होते का, ते आम्ही तपासून राहिलो.”

पहिला त्रास कधी, दाखवलं कुठं, पाण्याचं कळलं कधी, सगळं तिने विचारलं. मी सांगत गेले. शेवटी मीच विचारलं, “मंग, झाली होती जागी?”

“खासगी दवाखान्यातल्या पेशंटची खबर आमच्यापर्यंत आलीच नाही. सरकारी दवाखान्यात गर्दी झाली, तेव्हा कळलं.”

“तवा शुभांगी होती?”

“नव्हती, मावशी.”

खोटं बोलून सुटता आलं असतं तिला. ती खरं बोलली आणि कितीतरी वेळ माझ्याजवळ बसून राहिली.

तुमच्या घरी असं झालं तर डॉक्टरांना विचारा, आणखी कोणाला आहे का, वर कळवलं का. लाजू नका. मी आता कोणाला उलट्या झाल्याचं ऐकलं तरी मितानीनला, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या आरोग्यसेविकेला, फोन लावते. परवा शेजारची सून चिडली. “आंटी, बस एसिडिटी है!”

तपासणीत ॲसिडिटीच निघाली. मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि तिथेच बसून पोटभर रडले.