जॉइंटरकाकांच्या नावावरचा मदरबोर्ड

जॉइंटरकाका कुठलीही जोडलेली गोष्ट आधी ओढून बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी फाटकाची कडी ओढून बघितली, पडवीतल्या झोपाळ्याची साखळी ओढून बघितली आणि गॅसची नळी नवीन बसवलीय असं आईने सहज सांगताच आत जाऊन तीही ओढून आले. लग्नाला गेले की मांडवाच्या दोऱ्यासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसत. ओढल्यावर वस्तू जागची हलली नाही तर मानेने बारीकसा होकार द्यायचे आणि मगच बसायचे. जोडलं म्हणायच्या आधी ओढायचं, असा त्यांचा कायदा होता. आई म्हणायची, या माणसाने मंगळसूत्र घालतानासुद्धा ते ओढून बघितलं असणार.

त्यांचं खरं नाव आमच्या नागावात फार थोड्यांना माहीत होतं. टेलिफोन खात्यात ते केबल जॉइंटर होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून शेकडो तारांच्या जाड केबलची दोन टोकं, एकेक तार जुळवत, जोडायची हे त्यांचं काम. अलिबागहून रेवदंड्याला एसटीने निघालं की कुठल्या वळणावर, कुठल्या मोरीपाशी आपला जॉइंट पुरलेला आहे हे ते खिडकीतून दाखवत जायचे. शेजारचा प्रवासी ऐकतोय की झोपलाय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. "माझा जॉइंट परत कुणाला उघडावा लागला न्हाय," हे ते ज्या सुरात सांगत, त्या सुरात इतर लोक मुलगा परदेशात असल्याचं सांगतात. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते 'माझा' म्हणाले की पुढचं आईच पुरं करायची.

ते निवृत्त झाले तोवर तांब्याच्या तारांचे दिवस सरत आले होते. घरी बसून काकूंच्या स्वयंपाकघरातली कपाटं ओढून बघत असताना एकदा आमच्या शेजारच्या मंदाताईंचा कॉम्प्युटर बंद पडला. मंदाताई घरात पाहुणे ठेवतात, त्यांचं सगळं बुकिंग त्यात. काकांनी तो उघडला, भिंगाने आत बघितलं आणि जाहीर केलं की हे सगळं जोडकामच आहे. दोन वर्षांत चौलपासून अलिबागपर्यंतची निम्मी मशीनं त्यांच्या हाताखालून गेली. हे सगळं ते शिकले कुठे, असं लोक विचारत. ते शिकले पुस्तकातून, म्हणजे खोक्यात येणारं जे पुस्तक आपण सगळे न उघडता माळ्यावर टाकतो त्यातून.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती माझ्या मशीनमुळे. मी घरात बसून मुंबईतल्या आर्किटेक्टांसाठी चित्रफिती करते. अजून पायाही खणला गेलेला नसतो, त्या इमारतीच्या गॅलरीत मी सकाळचं ऊन पाडून दाखवते. त्याला दांडगं मशीन लागतं. मी पैसे साठवून एकेक भाग मागवला होता. ताटाएवढा मदरबोर्ड, आणि ग्राफिक्स कार्ड तर हातभर लांब आणि चांगलं वजनदार. जोडून देणारा पनवेलचा माणूस आज येतो, उद्या येतो करत होता. शेवटी आईने मला न विचारता काकांना निरोप धाडला. खाकी पिशवी घेऊन सत्तरीचा हा गृहस्थ दारात उभा राहिला तेव्हा मला पनवेलच्या माणसाला पुन्हा फोन करावासा वाटला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यांनी सकाळभर कशालाच हात लावला नाही. झोपाळ्यावर बसून मदरबोर्डाचं पुस्तक भिंगाखाली वाचलं. एकदा वाचून झालं तेव्हा मी उठले, तर त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं. जेवणं झाल्यावर विहिरीच्या पाण्याने साबण लावून हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पंचा फिरवत कोरडे केले. आपल्याकडच्या हवेतच मीठ, त्यात घामाचं मीठ आणखी कशाला, पिना हिरव्या पडतात, असं त्यांनी समजावलं. मग मीटरखालच्या अर्थिंगच्या तारेला हात लावला. मला वाटलं नमस्कार केला. ते अंगातली वीज सोडत होते.

पुढचा तासभर मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. प्रोसेसरला वीज देणाऱ्या दोन वायरी त्यांनी सगळ्यांत आधी लावल्या, कारण त्यांची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि नंतर तिथे हात शिरत नाही. मग चोवीस पिनांची मोठी वायर. ती अंगठ्याने दाबताना डाव्या हाताची बोटं बोर्डाखाली आधाराला धरलेली, म्हणजे बोर्ड वाकायला नको, वाकला की आत न दिसणारी चीर जाते. प्रोसेसरची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची वायर दोन्ही आठ पिनांच्या, दिसायला बहिणी. पण पहिली चार-चार अशी दुभागते आणि दुसरी सहा-दोन अशी. हा फरक त्यांनी माझ्या बोटांना चाचपून बघायला लावला. मी एक वायर लावायला घेतली, ती बसेना, म्हणून जरा जोर केला तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "बसत न्हाय म्हंजे ती तिथली न्हाय, बाय. जोर लावायचा न्हाय. नाव वाचायचं." अर्थात प्रत्येक वायर बसवल्यावर ती ओढून बघितली, हे सांगायलाच नको.

एकाच गोष्टीवर त्यांचा राग होता. मशीनच्या वायरी हल्ली सगळ्या काळ्या असतात. टेलिफोनच्या केबलमध्ये प्रत्येक तारेला तिचा रंग, आणि त्या रंगांचा क्रम काकांना रामरक्षेसारखा पाठ. सगळं काळं बघून ते म्हणाले, हे काय सुतक आहे का? मग पिशवीतून मेण लावलेला दोरा काढला. मोठ्या वायरीला लाल, प्रोसेसरच्या दोन वायरींना पिवळा, कार्डाच्या वायरींना निळा, असे दोरे गुंफत त्यांनी वायरींच्या सरळ जुड्या बांधल्या, दर दोन बोटांवर एक गाठ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असंच बांधायचे म्हणे. काचेतून बघितलं तर मशीनने वेणी घातलीय असं वाटावं. मी फोटो काढून मुंबईला पाठवला तेव्हा तिकडच्या लोकांनी कारागिराचा नंबर मागितला. काकांनी तो देऊ दिला नाही, मुंबईची ट्रॅफिक आपल्याला झेपायची नाही म्हणाले.

मशीन तीन वर्षं चाललं आणि मग त्याचा पॉवर सप्लाय गेला. म्हणजे घरातली वीज घेऊन ती मशीनच्या भागांना वाटून देणारा डबा गेला. काका तेव्हा आठवडाभर लेकीकडे उरणला होते आणि माझं काम चार दिवसांत द्यायचं होतं. मी त्याच कंपनीचा जरा मोठा डबा मागवला. त्याच्यासोबत त्याच्या स्वतःच्या नव्या वायरी आल्या. त्या लावायच्या तर काकांच्या गाठी कापायला हव्या होत्या. मी कात्री घेऊन बसलेसुद्धा, पण हात होईना. मग लक्षात आलं की वायरी डब्याच्या बाजूनेही सुट्या होतात, आणि जुन्या वायरींची टोकं नव्या डब्यात अलगद बसतात. कंपनी तीच, खाचा त्याच. मी गाठींना हात न लावता नुसता डबा बदलला आणि दुपारी बाराच्या सुमाराला बटण दाबलं. मोहरी तडतडल्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला.

मला माहीत नव्हतं ते असं. वायरीचं बोर्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. डब्याकडच्या टोकाचा क्रम मात्र ज्याचा त्याचा असतो, एकाच कंपनीच्या दोन डब्यांतही वेगळा असू शकतो. टोक बसतं, पण वीज भलत्या वाटेने जाते. काका उरलेल्या वायरी कापडी पिशवीत घालून ती पिशवी त्या त्या डब्याच्या खोक्यालाच बांधून ठेवत, ते याचसाठी. मी ती पिशवी रोज बघत होते आणि का म्हणून कधी विचारलं नाही. मदरबोर्ड गेला, कामाची डिस्क गेली, तिच्यातलं तीन आठवड्यांचं काम गेलं.

काका परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की वरूनच व्होल्टेज जास्त आलं. मुंबईलाही तेच कळवलं होतं. काकांनी एका शब्दाने शंका घेतली नाही. फक्त मीटरखालची तार तपासली, आमचं अर्थिंग मेलेलं आहे असं निदान केलं आणि दुसऱ्या दिवशी कुदळ, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचं पोतं घेऊन हजर झाले. विहिरीपलीकडे जमीन ओली असते, तिथे नवीन अर्थिंगसाठी खड्डा खणायला घेतला. गडी लावू म्हटलं तर ऐकेनात. अकरा वाजेपर्यंत ते कमरेएवढे खाली गेले होते, बनियन भिजून अंगाला चिकटलं होतं आणि मी काठावर कोळशाची पाटी धरून उभी होते. माझ्या एका खोट्यासाठी हा म्हातारा घाम गाळत होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी कुदळ थांबवली. जुन्याच वायरी ठेवल्यास का, असं विचारलं. मी हो म्हटलं. का ठेवल्यास, असं विचारलं. तुमच्या गाठी कापवल्या नाहीत, म्हटलं.

त्यांनी हातातली कुदळ खड्ड्याच्या भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मग चूक माझीबी हाय. पुढच्याला हात लावायची भीती वाटंल असं काम करायचं न्हाय." आणि पुन्हा खणायला लागले. आता कशाला, असं मी म्हटल्यावर खड्डा अर्धा झालाय आणि अर्थिंग तसंही मेलेलंच आहे, एवढंच बोलले.

नवीन मदरबोर्ड आला तेव्हा त्यांनी सगळं मला करायला लावलं. स्वतः दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, कारण हात मोकळे राहिले तर मध्ये पडतील म्हणाले. पुस्तक दोनदा वाचायला लावलं. दोरा बांधायची वेळ आली तेव्हा एक टोक ओढलं की सुटेल अशी गाठ शिकवली. ती त्यांनी स्वतःही नुकतीच हाताला बसवली होती. चाळीस वर्षांची सवय त्या माणसाने माझ्या चुकीपायी बदलली. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तसे ते लोकांना माझ्याकडे पाठवू लागले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, असं सांगायचे. मंदाताईंचं मशीन माझ्याकडे आलं, मग शाळेतली आली, मग चौलहून बोलावणं आलं. जळालेल्या मशीनची गोष्ट आम्हां दोघांतच राहिली, असं मी धरून चालले होते.

गेल्या माघात काका गेले. फार दिवस पडून राहिले नाहीत. दहावं हरिहरेश्वरला झालं. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर सगळे त्यांच्या पडवीत बसलो होतो आणि जो तो काकांची एकेक गोष्ट काढत होता. एसटीतले जॉइंट निघाले, मांडवाच्या दोऱ्या निघाल्या, हसणंही झालं. तेवढ्यात मंदाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या की माणूस मोठा खरा. आयुष्यात एकदाच चुकला, हिचं मशीन जाळलं, पण ते स्वतःच्या तोंडाने गावभर सांगितलं. असं कोण सांगतं? शाळेचे हेडमास्तर म्हणाले, मलाही सांगितलं होतं. चौलहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, आम्हालाही. कुणीतरी समजुतीने म्हणालं, डोळे तेव्हापासूनच जात असणार.

तेव्हा मला कळलं. माझ्याकडे माणूस पाठवण्याआधी काका त्याला हे सांगत होते. जिने स्वतःचं मशीन जाळलं तिच्या हातात आपलं कोण देणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. ज्या एका गोष्टीची त्यांनी जन्मभर फुशारकी मारली, तीच त्यांनी माझ्यासाठी देऊन टाकली होती. त्या वर्षानंतर त्यांच्या तोंडून ते जॉइंटचं वाक्य मी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं, वय झालं.

"ते मशीन मी जाळलं," मी म्हटलं. "काका त्या दिवशी उरणला होते."

तिथे बसलेल्यांपैकी तिघांची मशीनं तेव्हा माझ्या घरी उघडून पडलेली होती. मंदाताईंनी एवढंच विचारलं की त्यांचं मशीन सोमवारी मिळणार ना. मी मिळेल म्हटलं.

काकू आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवसांत त्या कुणाशी फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं.

"मला म्हायीत व्हतं," त्या म्हणाल्या. "मी तीन वर्सं गप ऱ्हायले, त्यांनी बोलू दिलं न्हाय. आता परत एकदा बोल, बाय. मोठ्यानं बोल. मागं बसल्यात त्यांना ऐकू गेलं न्हाय."