कोटांच्या खुंट्यांपाशी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लेन कुबियाक दोनच गोष्टींना हळुवार हात लावायचा. एक माझी बहीण रेजिना आणि दुसरा त्याचा अँप, गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. बाकी जगाशी त्याचं वागणं म्हणजे घणाचे घाव. त्यात त्याचा दोष कमी, कारखान्याचा जास्त. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो लाल लोखंडावर पडणाऱ्या यंत्राच्या घणाशेजारी उभा राहिला. तो घण पडला की दोन गल्ल्या अलीकडे माझ्या कपाटातल्या बशा वाजायच्या, आणि लेन त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. कानात काय, तर काही नाही. तेव्हा कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे गडी नर्सबाई म्हणायचे.

शुक्रवारी मात्र तो हात घासून घासून धुवायचा आणि हेडविगच्या बारमध्ये गिटार घेऊन यायचा. मी तिथं मागं मासे तळायचे. आमच्या मिलवॉकीच्या या भागात शुक्रवारी मासा खाल्ला नाही तर पाद्री नाही, शेजारी विचारतात. माणसं मासा खायला यायची, पण बसून राहायची ती बँडसाठी. यूजीनचे ड्रम, एक बास गिटार, एक अकॉर्डियन आणि लेनचं लीड. लीड म्हणजे गाणाऱ्याने श्वास घेतला की पुढं येऊन जी बोलते ती गिटार.

त्याचा अँप जुन्या धाटणीचा, आत काचेच्या ट्यूब. चालू केला की त्या हळूहळू लालसर पेटायच्या, आणि चांगल्या तापेपर्यंत लेन तारेला हात लावायचा नाही. "बर्नी, तुला झोपेतून उठवून लगेच गायला सांगितलं तर गाशील का?" असं मला विचारायचा. मी म्हणायचे, "मला जागेपणीही कुणी सांगत नाही."

मग बटणं. आधी सगळी मधोमध. मग गेन वाढवायचा, इतका की दाबून धरलेला सूर लगेच मरणार नाही, जरा रेंगाळेल, कडेनं थोडा खरखरेल, पण चिखल होणार नाही. बास कमी, कारण खालच्या सुरांची जागा बास गिटारची. मिडपाशी, म्हणजे मधल्या सुरांपाशी, मात्र नवशिके फसतात. घरी एकट्यानं वाजवताना मिड उतरवला की गिटार कशी मधासारखी लागते! बारमध्ये अकॉर्डियन सुरू झालं की तीच गिटार बर्फात पडलेल्या हातमोज्यासारखी नाहीशी होते. म्हणून मिड वर, कानाला जरा नाकातला वाटला तरी वर. हे सगळं मला कसं माहीत, तर चाळीसेक वर्षं पीठ लावलेले मासे हातात धरून मी हेच ऐकत आलेय.

ट्रेबल, म्हणजे वरचा धारदार आवाज, सगळ्यात शेवटी. आणि तो वाजवणाऱ्याला स्वतःला लावता येत नाही. अँप जमिनीवर, त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांकडे. टोचणारा आवाज सरळ रेषेत पुढं जातो आणि शेवटच्या टेबलावरच्या माणसाच्या कपाळात बसतो. वर उभ्या असलेल्याला वाटतं, अजून थोडा चालेल. शिवाय हिवाळ्यात खोली लोकरी कोटांनी भरली की कोटच निम्मा ट्रेबल पिऊन टाकतात. रिकाम्या खोलीत लावलेला टोन भरल्या खोलीत खोटा पडतो.

म्हणून रेजिना मागं उभी राहायची, कोटांच्या खुंट्यांपाशी, बाथरूमच्या दाराशेजारी. पहिलं गाणं सुरू झालं की लेनची नजर तिच्यावर. तिने कानातल्या डुलाला हात लावला की टोचतंय, ट्रेबल कमी. पोटावर तळवा ठेवला की पोकळ लागतंय, मिड भर. आणि दोन्ही हात गुंफून समोर धरले की झालं, आता हात लावू नकोस. ती हात गुंफायची आणि लेन डोळे मिटायचा.

घरी जाताना भांडण ठरलेलं.

"काय गं, डुलाला हात कशाला लावलास? काय सुरेख लागला होता सूर!"

"सुरेख होता. माझ्या दाढेत लागला."

कारखाना बंद पडला तेव्हाही लेनने शुक्रवार चुकवला नाही. मग रेजिनाच्या पोटात गाठ निघाली. एका हिवाळ्यात ती गेली. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणणारे दुसऱ्या दिवशी परत आले. चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचं सॅलड झालं, लोकांनी लेनचा खांदा दाबला आणि ते आपापल्या घरी गेले.

नंतरच्या शुक्रवारी तो आला. ट्यूब तापवल्या, बटणं लावली, पहिलं गाणं सुरू केलं आणि मागं पाहिलं. रेजिनाच्या जागी कुणाचा तरी ओला कोट लटकत होता. पुढच्या वेळी हेडविग आपण होऊन तिथं उभी राहिली, तर त्याने तिच्याकडे असं बघितलं की बिचारी, मी बाथरूमलाच निघाले होते, असं तोंड करून आत गेली.

मग ट्रेबल चढायला लागला. दर आठवड्याला केसभर. आधी शेवटच्या टेबलावरची माणसं पुढं सरकली, मग पुढची बाजूला सरकली. म्हातारी स्टेफानिया कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकायची आणि मासा हवा की कोळंबी हे मला बोटानं दाखवायची. मेलेल्या बायकोच्या नवऱ्याला कोण सांगणार? मलाही वाटायचं, दुःख आहे, किंचाळू दे.

एक दिवस मी पिरोगी, आमच्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, घेऊन त्याच्या घरी गेले. बाहेरच्या पायरीवरच किटलीची शिट्टी ऐकू आली. आत गेले तर किटली शेगडीवर जीव तोडून ओरडतेय आणि लेन तिच्यापासून दोन हातांवर बसून शांतपणे पेपर वाचतोय. मी शेगडी बंद केली तेव्हा त्याने मान वर केली. "अरे, कधी आलीस?"

मी पिरोगी ठेवली आणि घरी आले.

त्याच आठवड्यात यूजीन बारच्या स्वयंपाकघरात आला. टोपी हातात धरून. यूजीन टोपी काढतो तेव्हा बातमी वाईट असते.

"बर्नीमावशी, लेनचं काही खरं नाही."

"टोचतंय म्हणून तूच सांग की त्याला. ड्रम बडवायला घाबरत नाहीस."

"सांगितलं. म्हणाला, तू बहिरा आहेस." त्याने टोपी गोल फिरवली. "हेडविग म्हणते, माणसं कमी झाली. नदीपलीकडचा एक जण आहे, बरा वाजवतो. या शुक्रवारी लेनने नीट वाजवलं तर ठीक. नाहीतर पुढच्या शुक्रवारपासून तो येईल."

"आणि लेन?"

"लेनने मासा खावा. फुकट."

"यूजीन, त्याच्याकडे कारखाना नाही, बायको नाही. शुक्रवारही काढून घेतलास तर तो सोमवारी कशासाठी उठेल?"

"म्हणून तर तुझ्याकडे आलोय ना," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले; रडू आलं म्हणून की कांद्याने, ते मी विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच लेनकडे गेले.

"या शुक्रवारी मी उभी राहणार आहे मागं."

"तू मासे तळ."

"मासे हेडविग जाळेल."

"तुला टोनमधलं काय कळतं?"

"मला दाढ आहे. दुखली की कळतं."

तो हळूच म्हणाला, "रेजिनाच्या खुणा तुला ठाऊक आहेत?"

"सगळ्या बारला ठाऊक होत्या, लेन. फक्त तुम्हा दोघांना वाटायचं की गुपित आहे."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. ते हसू मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण मोडलं. "तुझी किटली शिट्टी वाजवते, लेन."

"ती बिघडलीय. वर्ष झालं, वाजत नाही."

"वाजते."

त्याने किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून पाणी भरलं, शेगडी पेटवली आणि आम्ही दोघं समोर बसून राहिलो. वाफ आली. शिट्टी सुरू झाली. त्याने फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझं तोंड वाकडं झालं तसा हात लांब करून शेगडी बंद केली.

शुक्रवारी बार भरलेला होता. कशी कोण जाणे, बातमी पसरली होती. मी अंगावरचा तेलकट अ‍ॅप्रन काढला, रेजिनाचे डूल घातले आणि कोटांच्या खुंट्यांपाशी जाऊन उभी राहिले. ओल्या लोकरीचा वास. पहिलं गाणं सुरू झालं, गाणाऱ्याने श्वास घेतला आणि लेनची गिटार पुढं आली, ती माझ्या डोक्यातून आरपार गेली. मी डुलाला हात लावला.

त्याने ट्रेबल उतरवला. मी पुन्हा हात लावला. त्याने पुन्हा उतरवला. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा त्याने असे डोळे वटारले, की वाटलं आता गिटार ठेवून निघून जातो. मी हात काढला नाही. त्याने दात आवळले आणि बटण खूप खाली आणलं. मग मी पोटावर तळवा ठेवला. मिड थोडा चढला. अजून थोडा.

आणि लागला. बाहेरून करकरीत, आतून दाट, राय धान्याच्या ताज्या पावासारखा. अकॉर्डियनच्या अंगावर न पडता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारा. मी दोन्ही हात गुंफले. स्टेफानियाने पर्स उघडली आणि यंत्र कानात घातलं. यूजीन ड्रम वाजवताना खाली मान घालून हसत होता.

लेनने मात्र डोळे मिटले नाहीत. तो आपल्या बोटांकडे बघत होता, ती दुसऱ्या कुणाची असावीत तसा.

मध्यंतरात टाळ्या थांबेनात. मी कढईकडे परतले, तर तो सरळ माझ्यामागं स्वयंपाकघरात आला.

"कसं होतं?"

"अरे, रेजिना असती तर—"

"बर्नी, मला काही ऐकू आलं नाही." आवाज अगदी साधा. "ड्रम पोटात कळले. बास पायात कळला. माझी गिटार कुठंच नव्हती. बोटं सवयीनं फिरली."

"पण लोकांना ऐकू आलं ना. बाहेर बघ जरा."

"लोक जेवले म्हणून तुझं पोट भरतं का?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मासे तळलेत; मी कढईतला मासा उलटला.

"ट्रेबल चढवला की मला थोडी सापडते," तो म्हणाला. "मग तुम्हाला टोचते. तुम्हाला गोड लागली की मला नाहीशी होते. शेवटची काही वर्षं रेजिना होती तेव्हाही हेच होतं गं. पण ती ऐकतेय हे मला दिसायचं. तिच्या हातांवरून कळायचं, मी आहे म्हणून."

दुसरा भाग त्याने पुरा वाजवला. एकाही बटणाला हात लावला नाही, एकही सूर चुकला नाही. शेवटच्या गाण्यानंतर तारा पुसल्या, ट्यूब थंड होऊ दिल्या आणि यूजीनला म्हणाला, "नदीपलीकडच्याला बोलव."

यूजीन पांढरा पडला. "तुला कुणी सांगितलं? अरे पण आज तर तू—"

"आज मी नव्हतोच तिथं."

नदीपलीकडचा येतो आता दर शुक्रवारी. बरा वाजवतो. मिड कमी ठेवतो आणि अकॉर्डियनखाली सापडतो, पण त्याला सांगायला मागं कुणी नाही आणि तो बघतही नाही. लेन मासा खायला येत नाही. फुकटचा तर नाहीच.

त्याने अँप स्वयंपाकघरात लावलाय, किटलीसमोर. मंगळवारी मी पिरोगी घेऊन जाते. जायच्या आधी दोन्ही कानांत कापूस घालते आणि वरून रुमाल बांधते, त्याला सांगते वारा फार आहे. तो ट्यूब तापवतो, तापेपर्यंत थांबतो. मग ट्रेबल शेवटपर्यंत फिरवतो, अगदी बटण अडतं तिथपर्यंत. वरच्या मजल्यावरची बाई काठी आपटते, ती त्याला ऐकू येत नाही. कापसातूनसुद्धा ते टाचणीसारखं आत शिरतं, डोळ्यांतून पाणी येतं.

तो तान संपवतो आणि माझ्याकडे बघतो. दर वर्षी त्याला थोडं कमी सापडतं. बटणाला आता पुढं जागा नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

मी हात वर नेत नाही. डुलाला तर नाहीच. मांडीवरचे दोन्ही हात उचलते, गुंफते आणि समोर धरते.

मग तो डोळे मिटतो.