खऱ्याचा दगड

निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प घरी बसावं, असं माझ्या मुलाचं मत आहे. बावधनला त्याच्या फ्लॅटमध्ये मला वेगळी खोली आहे, खोलीला बाल्कनी आहे आणि बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते. एवढ्यावर माझं भागेना. शिवाय एक रुखरुख होती. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास मी आयुष्यभर, इतर सगळ्यांसारखाच, राहिलेलं गणित संपवायला वापरला होता. म्हणून मी कोळवणच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी खोली भाड्यानं घेतली, आणि शनिवारी एसटीनं जाऊन रविवारी सकाळी तिथल्या शाळेच्या ओसरीवर मुलांचा वर्ग घ्यायला लागले.

वर्गात देवाधर्माच्या गोष्टी नव्हत्या, पाठांतर नव्हतं, बक्षीस नव्हतं. माणसानं माणसाशी कसं वागावं, एवढाच विषय. पण मुलं वस्ताद. काहीही विचारलं की "नेहमी खरं बोलावं, बाई" असं सुरात म्हणून मोकळी व्हायची. तो सूर ऐकला की माझं डोकं फिरायचं. शेवटी मी ओढ्यातून लाडवाएवढा एक गुळगुळीत दगड उचलून आणला. गोल बसायचं आणि दगड फिरवायचा. ज्याच्या हातात तो येईल त्यानं बोलायचं, आणि खरं तेच बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. बोलायचं नसेल तर मुकाट्यानं पुढे द्यायचा, पण हातात धरून गप्प बसायचं नाही. हे नियम माझे. 'खऱ्याचा दगड' हे नाव मुलांनी ठेवलं.

माझ्या घरमालकांची मुलगी तेव्हा पाचवीत होती. बारीक चणीची, फार न बोलणारी, पण बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. शेजारच्या घरची मुलगी तिची जिवाभावाची मैत्रीण. शाळेत एकत्र, ओढ्यावर एकत्र, माझ्या वर्गात तर एका गोणपाटावर दोघी. त्यांच्या घरांची भाताची खाचरंही लागून होती, मध्ये फक्त एक मातीचा बांध.

लावणीच्या आधीच्या एका रविवारी मी विचारलं, "चोरी कशाला म्हणायचं?" आंबे पाडणं, खडू पळवणं अशी उत्तरं आली. मग दगड त्या मुलीकडे गेला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "बांध कोरणं."

मी शहरातली. मला वाटलं, बांधाला भोक पाडून पाणी पळवत असतील. म्हटलं, "म्हणजे कसं, नीट सांग."

"आपल्या बाजूनं कुदळीनं जरा खरवडायचा. ती माती पलीकडच्या अंगाला थापायची. दरसाली. बांध सरकतो, कुणाला कळत न्हाई." ती थांबली. दगड तिच्या हातातच होता. "आमचे पप्पा करत्यात. माती मी उचलून देते. हिच्या वावरात जातोय बांध."

मैत्रीण शेजारीच बसली होती. नियमाप्रमाणे कुणी मध्ये बोललं नाही. मला त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की तिच्या पुढच्या आठवड्याचा विचारच माझ्या मनात आला नाही. मी तिला शाबासकी दिली आणि दुपारच्या एसटीनं बावधनला गेले.

पुढच्या शनिवारी परत आले तेव्हा फाट्यावर मैत्रिणीचे वडील भेटले. माझी पिशवी घेऊन ते सोबत चालायला लागले. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मुलीनं घरी येऊन सगळं सांगितलं होतं. मग बांधावर उभं राहून दोन्ही घरांची हमरीतुमरी झाली, सरकारी मोजणी आणायची भाषा झाली.

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊकच नव्हतं?" मी विचारलं.

"ठाऊक नसायला काय झालं?" ते म्हणाले. "माझ्या बापालाबी ठाऊक हुतं. पण बाई, मनात ठेवून शेजार राखता येतोय. चारचौघांत बोलल्यावर गप कसं बसायचं? मला भांडावंच लागलं."

माझ्या कुठल्याच धड्यात हे नव्हतं.

घरी आले तर चहा आला नाही. एरवी मी चपला काढेपर्यंत कप हातात असायचा. मीच स्वयंपाकघरात गेले. मुलीची आई चुलीपाशी होती. "बसा बाई, ठेवते," म्हणाली, पण उठली नाही. मग तिनं सांगितलं ते लावणीचं. तिथं लावणी सावडीनं होते. आज सगळी घरं तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही सगळ्यांच्या. शेजारचं घर या सावडीतून उठलं होतं, आणि दोघांपैकी कुणाकडे जायचं या पेचात बाकीची घरंही थांबली होती. रोपं उपटायला आली होती. आणखी थांबली तर वाया जाणार होती.

"पोर खोटं बोलली न्हाई," ती म्हणाली. "म्हणून तर पंचाईत हाय. खोटं असतं तर दोन रट्टे दिले असते आन् मिटलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं शिकवणं चांगलं हाय बाई. पण आमची लावणी कोण करणार?"

जाणत्या मंडळींनी तोड काढली होती. रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर बसायचं. मुलीनं सगळ्यांसमोर म्हणायचं, की मी चुकून बोलले. म्हणजे तिच्या बापाला चोर ठरवायला नको, आणि शेजाऱ्याला भांडण चालू ठेवायला नको. ते चुकून नव्हतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरीही ते हवं होतं.

माझा संताप झाला. मी मनाशी भाषण जुळवलं. मुलीला खोटं बोलायला लावणार असाल तर आधी माझ्याशी बोला, खरं बोलायला मी शिकवलंय, दोष द्यायचा तर मला द्या, आणि बांधाचा प्रश्न मोठ्यांनी मोठ्यांसारखा सोडवा. वाक्यं चांगली होती. मुलीला मात्र मी त्यातलं एकही सांगितलं नाही. ती जेवून लवकर झोपली होती, आणि सकाळी मी उठायच्या आत घरातून गेली होती.

मी ओसरीवर पोहोचले तेव्हा मंडळी जमली होती. मुलगी एकटी भिंतीला टेकून उभी. एरवी ओसरीच्या फळीवर असायचा तो दगड काढून तिनं हातात घेतला होता. पलीकडे मैत्रीण आपल्या वडिलांना चिकटून बसली होती. मी पुढे जाऊन बसले, पदर सावरला, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा बाई."

ती माझ्यापर्यंत आली. दगड माझ्या ओंजळीत ठेवला. दोन्ही हात फ्रॉकला पुसले. मग मागे सरून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "मी खोटं बोलले हुते. आमच्या पप्पांनी बांध कोरला न्हाई."

ओसरीवर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मैत्रिणीचे वडील म्हणाले, "लेकरू हाय, चालायचंच." मुलीचे वडील मान खाली घालून बसले होते, ते तसेच बसले. कुणीतरी चहा सांगितला. मैत्रीण तेवढी तिच्याकडे एकटक बघत होती. तिला खरं सांगणारं एकच माणूस होतं, तेही आता फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी लावणी सुरू झाली. गुडघाभर चिखलात सगळी घरं एका रांगेत वाकली होती, बाया एकमेकींची थट्टा करत होत्या. भात चांगलं आलं. नवा तांदूळ निघाला तेव्हा मला पिशवीभर मिळाला, दोन्ही घरांकडून. दोघी मुली बोलतात, पण एका गोणपाटावर बसत नाहीत. वर्गात दगड आला की ती मुलगी तो पटकन पुढे देते. नियमात बसतं, म्हणून मी काही म्हणत नाही.

खोटं बोलायचं म्हणून तिनं आधी दगड हातातून बाजूला केला, दगड तरी खरा राहू दे म्हणून, असं मी बरेच दिवस समजत होते. त्याचं मला कौतुकही वाटायचं. आता मात्र तसं वाटत नाही. खाली ठेवायला फळी तिच्या हाताशी होती. ती अख्खी ओसरी ओलांडून माझ्याकडे आली आणि दगड माझ्या हातात दिला. नियमाप्रमाणे आता खरं बोलायची पाळी माझी होती. मागे सरताना तिनं माझ्याकडेही एकदा बघितलं होतं.

भाषण तयार होतं. डोळ्यांसमोर वाया जाणारी रोपं होती, चुलीपाशी बसलेली तिची आई होती, सुटलेले ते सगळे श्वास होते. चहा येईपर्यंत मी तो दगड हातात धरून गप्प बसले.