पडलास कुठे?

सौदीत जुबैलच्या प्लांटच्या गेटवर एक बोर्ड होता. अपघाताशिवाय किती दिवस गेले, त्याचा आकडा. महिनाभर आकडा शून्यावर आला नाही, तर अख्ख्या गँगला बिर्याणी. मी स्कॅफोल्डिंगवरून पडलो तेव्हा महिना संपतच आला होता.

फोरमन आमच्या शेजारच्या गावचा. मी खाली विव्हळतोय आणि हा कानाशी बसून म्हणतो, "भाऊ, कॅम्पच्या बाथरूममध्ये घसरलो असं सांग. पोरांच्या तोंडचा घास जाईल, माझी नोकरीही जाईल. पुढचं मी बघतो." गाववाल्याचा शब्द! इस्पितळात तेच सांगितलं. मूर्ख मी, दुसरं काय.

गुडघ्याचं एक ऑपरेशन झालं, पण दुसरंही हवं होतं, नाहीतर पाय जन्माचा आखडणार. कंपनी म्हणाली, बाथरूममधली इजा कामावरची नाही. खलास. मग मुंबईच्या एजंटला फोन लावला. "पडलास कुठे?" हा त्याचा पहिला प्रश्न. सौदीत पडलास, मग तिथला कायदा, आमचा संबंध नाही. माझं डोकंच फिरलं. इंटरव्ह्यू मुंबईत, सही मुंबईत, मेडिकल मुंबईत. तिथे दोन्ही गुडघे ठोकून बघितलेत ना तुम्ही? मग मोडला की तो परका कसा होतो? रत्नागिरीच्या वकिलानेही फोनवर तेच विचारलं, पडलात कुठे? त्याला खरं सांगितलं तर म्हणाला, साक्षीदार आणा. आणि फोरमनने तर मी काही पाहिलंच नाही म्हणून हात वर केले.

शेवटी कंपनीने परत पाठवलं. निघताना माझी बॅग बसमध्ये फोरमननेच चढवली, बेशरम! वर म्हणतो, "माझ्या आईला भेट. इथे सगळं ठीक आहे म्हणून सांग."

"सांगतो की," मी म्हटलं. विमानभर तेच जुळवत होतो. कुठलंच कोर्ट ऐकत नाही ना, मग तिच्या ओटीवर बसून तिच्या लेकाचे सगळे पराक्रम तिलाच ऐकवणार होतो.

गेलो. कुबडी टेकत पायरी चढत होतो, तर म्हातारी धावत आली, दंडाला धरून तिने मला वर घेतलं. "खूप दुखतं का रे पोरा?" आजवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही गो चाची," मी म्हटलं. "आणि तुझा मुलगा तिथे अगदी मजेत आहे."